एक रकाना सरळ केला

चहा घ्या, खारी घ्या, पण माझी नोकरी कशी चाललीय ते तेवढं विचारू नका. विचारलंतच? मग ऐका, आणि नंतर माझ्याकडे त्या नजरेनं बघू नका!

पन्नाशीला टेकल्यावर, तीन महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स करून मला आयुष्यातली पहिली नोकरी लागली. घरोघरी पूजेला गुरुजी पाठवणारं जोगकाकांचं ऑफिस, सदाशिव पेठेत. काका वहीत बुकिंग लिहितात. मी दुपारी एक ते चार ते कॉम्प्युटरवर चढवायचं. नाव, पत्ता, फोन, कार्य. त्यावरून गुरुजींच्या मोबाइलवर चिठ्ठ्या जातात. "तुला जमेल का?" असं घरात सगळ्यांनी विचारलं. फक्त सासऱ्यांनी विचारलं नाही. म्हणून तर जीव टाकून करत होते हो!

त्या शुक्रवारी यादी फार विस्कटलेली वाटली. इथे मुंज, तिथे वास्तुशांत, मध्येच वर्षश्राद्ध. म्हटलं, कार्यांचा रकाना तरी ओळीनं लावू. बटण दाबलं, तर कॉम्प्युटर विचारतो, शेजारचे रकानेही सोबत हलवू का?

आता हे विचारू कुणाला? काका वरच्या मजल्यावर झोपलेले आणि जिन्यात पाटी: 'एक ते चार झोप. आग लागल्यास अग्निशामक दलास कळवावे, आम्हांस नाही.'

मी म्हटलं, शेजाऱ्यांना कशाला उगीच हलवा? दिलं 'नाही' म्हणून. सगळ्या मुंजी एकाखाली एक, सगळी वर्षश्राद्धं एकाखाली एक! इतकं देखणं दिसलं की मी फोटो काढला. आणि चिठ्ठ्या पाठवून टाकल्या.

नावं आपल्या जागी, पत्ते आपल्या जागी, कार्यं मात्र भलत्याच्या घरी. हे मला कळलं कधी? शनिवारी!

कात्रजला नव्या जोडप्याकडे सत्यनारायण होता. गुरुजींनी दारातच हळू आवाजात विचारलं, "दिवंगतांचा फोटो कुठे मांडलाय?" नवी नवरी रडायलाच लागली. स्वारगेटजवळ साठीचे एक गृहस्थ आईच्या वर्षश्राद्धाला बसलेले, तर त्यांना दुसरे गुरुजी म्हणतात, "बटूला आणा लवकर, मुहूर्त टळतोय."

काका ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आपण रकाना सरळ केलात, लोकांची घरं वाकडी झाली. उद्या एकतीस घरं आहेत. प्रत्येक घर वहीशी ताडून गुरुजींना नवी चिठ्ठी पाठवा. एक जरी चुकलं, तर सोमवारी येण्याची तसदी घेऊ नका."

बसले. डोळे पुसत, एकेका घरी फोन करून माफी मागत तीस घरं केली. एकतिसावं घर कुणाचं? आमचंच! सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीची शांत, बुकिंगही मीच केलेलं. म्हटलं, आपल्याच घरचं काय ताडायचं, काय फोन करायचा? आणि तशीच उठले.

रविवारी सकाळी दाराला तोरण, घर पाहुण्यांनी भरलेलं. बेल वाजली. नवं धोतर नेसलेल्या सासऱ्यांनीच दार उघडलं. बाहेर गुरुजी, मान खाली, चेहरा दुखवट्याचा.

"गोडबोल्यांकडे वर्षश्राद्ध आहे ना? कुणाचं?"

"चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे?"

"दत्तात्रय गोडबोले."

"मग माझंच."

गुरुजी दोन पावलं मागे सरकले. सासरे माझ्याकडे वळले. "सूनबाई, वर्षश्राद्ध म्हणजे मला जाऊन वर्ष झालं. घरात कुणी बोललं कसं नाही?"

तोवर गुरुजींनी काकांना फोन लावलासुद्धा. मी तिथेच, भरल्या घरात, रडायला लागले. "बाबा, माझी नोकरी गेली हो!"

"अरेरे. कधी?"

"आत्ता, याच फोनवर!"

सासऱ्यांनी पाट सरकवला. "बसा गुरुजी. माझं राहू दे, हिच्या नोकरीचं उरकून घ्या."