सगुणाबाई आणि गुंड्याचे दहा दिवस

सगुणाबाई भालेराव यांची आणि माझी पहिली भेट झाली, ती त्या माझ्यावर रागावल्या होत्या म्हणून. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात असा आरंभ शोभणार नाही, असे संपादक मंडळातील एका गृहस्थांचे मत पडले. पण बाईंना साखर लावून बोललेले खपत नाही, हे बाकीच्यांना ठाऊक असल्यामुळे माझा आरंभ वाचला.

मी त्या वेळी नाशकात एक साप्ताहिक चालवीत होतो. अंक बुधवारी संध्याकाळी छापायला जाई. सहा वर्षांपूर्वीच्या एका बुधवारी चार वाजता बातमी आली की, सूतिकागृहाच्या आवारात एका पिसाळलेल्या कुत्र्याने गरोदर बाईला चावा घेतला. तिसऱ्या पानावर चार ओळींची जागा रिकामी होती. मी ती भरली, आणि कुत्र्याला ताबडतोब गोळी घालावी अशी पाचवी ओळही दाटीवाटीने बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरे पातळ नेसलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई छापखान्यात आल्या. हातात आमचा अंक होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

मी हो म्हटले.

"मी तिथली मुख्य नर्स. कुत्रा माझा आहे. तो पिसाळलेला असेलही, नसेलही. मला अजून कळलेलं नाही. तुम्हांला कालच कसं कळलं?"

"लोक म्हणतात."

"लोक म्हणोत. दहा दिवस रोज येऊन बघा, आणि मग काय ते छापा."

एवढे बोलून त्या निघाल्या. जाता जाता खिळे जुळवीत बसलेल्या आमच्या जुळाऱ्याच्या बोटावरची चिंधी त्यांनी पाहिली आणि "ही दुपारी येऊन बदलून घ्या, घाण झाली आहे," असे बजावून गेल्या.

बाईंचा जन्म शरणपूरचा. लहान वयात वैधव्य आले, तेव्हा त्यांनी मुंबईला जाऊन परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि परत येऊन या सूतिकागृहात उभ्या राहिल्या. गावात तेव्हा बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, शेगडीचा धूर आणि बंद खिडक्या. बाईंनी घरोघर जाऊन खिडक्या उघडल्या. पंचवटीतल्या एका घरी सासूबाईंनी खिडकी पुन्हा लावून घेतली, तेव्हा बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी सासूबाईंनाच बाळंतिणीशेजारी तासभर बसवले. तासाभराने खिडकी सासूबाईंनीच उघडली. अशी कामे त्यांनी किती केली, हे या ग्रंथात इतरांनी लिहिले आहे. मी त्यांच्या एका सवयीबद्दल लिहिणार आहे.

सूतिकागृहात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असतो. ताप, नाडी, अन्न, औषध यांची त्यावर वेळच्या वेळी नोंद होते. जे जेव्हा घडले ते तेव्हाच लिहायचे, नंतर आठवून नाही, आणि सोयीचे करून तर मुळीच नाही, हा बाईंचा दंडक. एकदा एका रोग्याला औषधाचा एक डोस त्यांच्याच हातून दोनदा दिला गेला. कुणी पाहिले नव्हते, रोग्याला अपायही झाला नाही. तरी तक्त्यावर ती चूक बाईंच्या अक्षरात, बाईंच्या सहीने लिहिलेली होती. हे मला त्यांनी नव्हे, डॉक्टरांनी सांगितले.

त्या कडक आहेत अशी त्यांची ख्याती आहे आणि ती खरी आहे. पण ज्यांनी मागच्या बाजूची परिचारिकांची चाळ पाहिली आहे, त्यांना दुसरीही गोष्ट ठाऊक आहे. त्या चाळीत एक मैना होती, दोन ससे होते, आणि चंद्राची मांजर होती. चंद्रा हरसूलकडची मुलगी. शिकायला आली तेव्हा पंधरा दिवस रोज रडे आणि नोकरी सोडते म्हणे. बाईंनी तिला चार दिवसांची रजा दिली आणि सांगितले, "घरी जा, आणि येताना तुझी ती मांजर घेऊन ये." चंद्रा टोपलीत मांजर घालून आली आणि राहिली. एका पाहुण्याने या प्राणिसंग्रहाविषयी नाक मुरडले, तेव्हा बाई म्हणाल्या, "या मुली दिवसभर कण्हणाऱ्या माणसांत असतात. घरी गेल्यावर एक तरी न कण्हणारा जीव नको का?" नियम एकच होता. प्राण्यांनी चाळ सोडून रुग्णालयाकडे यायचे नाही, आणि प्राण्याला हात लावला तर साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय रोग्याजवळ जायचे नाही.

बाईंचा स्वतःचा जीव होता गुंड्या. तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला गावठी कुत्रा. त्या बुधवारच्या पंधरवडाभर आधी त्याची एका परक्या कुत्र्याशी झोंबाझोंबी झाली होती, म्हणूनच तो पिसाळल्याचा संशय. त्या बुधवारी चाळीचे फाटक कुणीतरी उघडे ठेवले आणि तो बाहेर आला. तपासणीसाठी आलेल्या अमीनाबींचा पाय त्याच्या शेपटीवर पडला, आणि त्याने त्यांच्या पोटरीला दात लावले. अमीनाबींना सातवा महिना होता.

त्यांचे यजमान कासमभाई रविवार कारंज्यावर टांगा हाकत. मी गुरुवारी दुपारी सूतिकागृहात पोहोचलो तेव्हा ते हातात काठी घेऊन चाळीपुढे उभे होते.

"बाई, तुमचा कुत्रा हाय म्हणून तुमी त्याला वाचवता. माझी घरवाली काय रस्त्यावर पडलीय?"

"कासमभाई, कुत्रा मेला तर मी रडेन आणि गप्प बसेन," बाई म्हणाल्या. "पण मग अमीनाला पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील. तो पिसाळलेला असेल तर दहा दिवसांत दिसेल. दहा दिवस धड राहिला तर अमीनाला काही भीती नाही. मेलेल्या कुत्र्याकडून काय कळणार?"

त्या अवस्थेत पोटात सुया देणे डॉक्टरांनाही धोक्याचे वाटत होते. लस मुंबईहून मागवून ठेवली होती, पण गरज पडली तरच ती वापरावी असे त्यांचे म्हणणे होते. कासमभाईंना ते पटले, पण बाईंचा भरवसा वाटेना.

"आन् तुमी त्याला गुपचूप सोडून दिला, आन् म्हटलं पळाला, तर?"

बाईंनी आत जाऊन साखळी आणि कुलूप आणले. गुंड्याला कडुलिंबाला बांधले, भोवती काट्यांचे कुंपण घातले, कुलूप लावले आणि किल्ली कासमभाईंच्या हातात दिली. मग कुंपणावर एक तक्ता टांगला. रोग्यांचा असतो तसाच. अन्न, पाणी, आवाज, चाल. अन्न लांब बांबूने आत सरकवायचे. कुत्र्याला कुणी हात लावायचा नाही. हा शेवटचा नियम सर्वांत आधी त्यांना स्वतःलाच लागू होता. गुंड्या त्यांना पाहून साखळी ताणत असे, आणि त्या कुंपणापासून चार हातांवर उभ्या राहून तक्ता भरत.

मी रोज जाऊ लागलो. पाच दिवस तक्त्यावर तेच लिहिलेले असे. भाकरी खाल्ली, पाणी प्यायला, आवाज नेहमीचा.

सहाव्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा भाकरी तशीच पडली होती आणि पाण्याला तोंड लागले नव्हते. गुंड्या डोळे मिटून पडून होता. पिसाळणाऱ्या कुत्र्याचे खाणेपिणे आधी सुटते, हे तिथे सर्वांना ठाऊक होते. तक्त्याशी बाई आणि चंद्रा उभ्या होत्या.

"बाई, दुपारपर्यंत थांबू ना," चंद्रा म्हणाली. "खाईल तो. लगेच कशाला लिवायचं?"

"आत्ता सात वाजले आहेत ना?"

"हो, पर..."

"मग सातचं सातला लिहायचं."

त्यांनी लिहिले, 'अन्न घेतले नाही. पाणी घेतले नाही.' अक्षर नेहमीसारखेच होते. त्यांनी डॉक्टरांना वर्दी दिली, कारंज्यावर निरोप धाडला आणि सुई उकळायला ठेवायला सांगितले. एक वाक्य लिहायचे दुपारपर्यंत लांबवले असते तर त्यांना कुणी दोष दिला नसता. ते लिहिल्यामुळे त्यांचा कुत्रा मरणार होता, आणि आवार सांभाळता येत नाही म्हणून त्यांची जागाही कदाचित जाणार होती. पण उशीर झाला तर जीव अमीनाबींचा जाणार होता, आणि बाईंच्या दृष्टीने प्रश्न तिथेच संपत होता.

अर्ध्या तासात कासमभाई अमीनाबींना टांग्यातून घेऊन आले. त्यांना टेबलावर निजवले. डॉक्टर हात धूत होते. कासमभाईंना वाचता येत नसे, म्हणून बाईंनी तक्ता काढून आणला आणि त्यांना वाचून दाखवला.

"रात्रीपासून त्याच्या पोटात अन्नाचा कण नाही, पाणीही नाही. कासमभाई, मला वाईट वाटतं. पण आता थांबता येणार नाही."

कासमभाई टेबलाकडे बघत राहिले, मग जमिनीकडे.

"कण नाय असं नाय, बाई."

"म्हणजे?"

"मी रोज पहाटे येतो. घोडा जुपायच्या आधी. मागल्या अंगानं."

"कशाला?"

"बघायला. तुमच्या कागदावर माझा भरवसा नव्हता. आपल्या डोळ्यानं बघावं म्हटलं, खातो का नाय. मग बघायचं तर काय तरी टाकायला पाहिजे ना? रोज एक हाड टाकायचो. पण काल बिरादरीत शादी होती. देगेत उरलेलं गोश्त आज पहाटे आणलं. आन् भांडंभर यखनी. सगळं खाल्लं त्यानं. यखनी तर चाटूनपुसून प्यायला."

डॉक्टरांनी नळ बंद केला. टेबलावरून अमीनाबी म्हणाल्या, "आणि मला सांगितलं, देगेत काही उरलंच नाही."

बाई हसल्या नाहीत. "माझ्या पेशंटला मला न विचारता खायला घालता?" असे म्हणून त्यांनी लेखणी उचलली आणि वरच्या ओळीवर काट न मारता खाली लिहिले, 'पहाटे बाहेरून मांस व रस्सा पोटभर मिळाला.' डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत थांबायचे ठरवले. संध्याकाळी सर्वांसमोर गुंड्याने भाकरी खाल्ली आणि वाडगाभर पाणी प्यायला. कासमभाई तेव्हा कुंपणाशी उकिडवे बसून त्याच्या प्रत्येक घोटाकडे बघत होते. त्या दिवसापासून ते पुढच्या फाटकाने येऊ लागले.

दहावा दिवस गेला. अकराव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दुरून कुत्रा पाहिला आणि मान डोलावली. कासमभाईंनी किल्ली काढून बाईंपुढे धरली.

"तुम्हीच उघडा," बाई म्हणाल्या.

"मला चावंल."

"इतकं खिलवल्यावर?"

कासमभाईंनी कुलूप काढले. गुंड्या सरळ बाईंकडे धावला. दहा दिवसांत ज्याला बोट लावले नव्हते त्याच्यापाशी त्या खाली मातीत बसल्या. पांढऱ्या पातळावर त्याचे पाय उमटले, तरी उठल्या नाहीत. बराच वेळ गेला. मग बंबाशी जाऊन त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पातळ बदलले आणि त्या कामाला लागल्या. पुढच्या अंकात मी खुलासा छापला. तिसऱ्याच पानावर, आणि पाचांच्या जागी पंधरा ओळी.

दोन महिन्यांनी अमीनाबींना मुलगी झाली. बाळ बाईंच्याच हातावर आले.

अशा माणसाच्या हाती आपण गावातल्या लेकीसुना इतकी वर्षे निर्धास्तपणे सोपवल्या. त्या 'ठीक आहे' म्हणाल्या की घरची माणसे घरी जाऊन जेवत, कारण ठीक नसते तर त्यांनी तसे सांगितले असते. पुढील महिन्यात बाई सेवेतून निवृत्त होत आहेत. आराम करणार का, असे विचारले तर हसतात, म्हणजे करणार नाहीत. सर्वांच्या वतीने मी एवढेच मागतो की, बाईंना उदंड आयुष्य लाभावे आणि त्यांची प्रकृती अशी खणखणीत राहावी की, त्यांची शुश्रूषा करून उपकार फेडण्याची संधी आपल्यापैकी कुणालाही कधी मिळू नये.