बघण्यापुरतं

गल्लीतली पोरं त्यांना खिळेकाका म्हणायची, आणि पोरांचं ऐकून मोठी माणसंही तेच म्हणायला लागली. सोफे, खुर्च्या, गाद्या नव्याने मढवून द्यायचं त्यांचं काम. एक हात कापड ताणून धरायला, दुसरा हातोडीला. खिळ्यांसाठी हात उरत नाही. म्हणून बारीक खिळे तोंडात धरायचे, जिभेने एकेक ओठांशी आणायचा आणि चुंबकवाल्या हातोडीने उचलून ठोकायचा. लोक तोंडात मिठाची गुळणी धरतात, यांनी खिळ्यांची धरलेली. कुणी काही विचारलं तर आधी सगळे खिळे तळहातावर काढायचे आणि मग बोलायचे. तोवर विचारणारा कोपऱ्यावर पोचलेला असायचा.

बायको गेली तेव्हा लेक शाळेत होती. तिची वेणी घालायला ते आपले आपण शिकले आणि गादी शिवावी तशी घट्ट घालायला लागले. पोरीच्या भुवया वर चढायच्या, पण तिने कधी कुरकुर केली नाही. ती मोठी झाली, बँकेत लागली, लग्न होऊन दुसऱ्या गावाला गेली. फोनवर बापलेकींना फार बोलायला जमायचं नाही. हे ‘हं’ म्हणायचे, ती ‘बरं’ म्हणायची, की संपलं. त्यांच्या खऱ्या गप्पा चालायच्या त्या खरेदीवरून. ती कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी त्यांना दाखवायची आणि हे नावं ठेवायचे. नावं ठेवण्यात या मुक्या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता.

सुरुवातीला तिने आपलं ऑनलाइन खरेदीचं खातंच त्यांच्या फोनवर उघडून दिलं होतं. एका छत्रीचा दांडा नीट दिसेना म्हणून हे फोटो मोठा करायला गेले आणि घरी सात छत्र्या आल्या. गल्लीत त्या वर्षी कुणी भिजलं नाही. यांनी मात्र हाय खाल्ली.

“मला बघण्यापुरतं दे,” ते म्हणाले. “हात लावता येईल असं काही देऊ नकोस. मी घोळ घालतो.”

‘आपलं खातं दुसऱ्याच्या हाती देऊ नका,’ असं बँकेत दिवसभर लोकांना समजावणारी लेक हसली. “खरं तर चूक माझीच, बाबा. खातं असं कुणाला द्यायचंच नसतं. आता नुसती लिंक पाठवते. कार्टमध्ये मी काय टाकलंय ते तुम्हाला दिसेल, प्रत्येक वस्तूखाली दोन शब्द लिहिता येतील. घालता-काढता काही येणार नाही. माझा पत्ता, कार्डाचा नंबर, काही दिसणार नाही. आणि ही लिंक पुढे कुणाला पाठवायची नाही.”

“आणि तुझा तो पासवर्ड?”

“तो मी कुणालाच सांगत नाही. ह्यांनाही नाही आणि तुम्हालाही नाही. चालेल ना?”

“चालेल काय, तसंच पाहिजे,” खिळेकाका म्हणाले, आणि त्यांना लेकीचा फार अभिमान वाटला.

तेव्हापासून सकाळी दुकान उघडलं की आधी लिंक उघडायची, हा नेम झाला. उशीच्या अभ्र्याखाली लिहायचे, ‘टाके लांब आहेत.’ पिशवीखाली, ‘झिप टिकणार नाही.’ पडद्याखाली, ‘रंग उतरणार. दुसरा बघ.’ आणि ती खरंच दुसरा बघायची.

लेकीला दिवस गेल्याची बातमीही त्यांना अशीच कळली. एका सकाळी कार्टमध्ये मोज्यांची जोडी होती, त्यांच्या अंगठ्यात बसेल एवढी. ते बराच वेळ बघत राहिले. मग खाली लिहिलं, ‘कुणासाठी?’ लगेच उत्तर आलं, ‘ओळखा.’ खिळेकाकांनी तोंडातले सगळे खिळे काढून डबीत ठेवले आणि त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या खुर्चीला हातच लावला नाही.

मग कार्ट भरत गेलं. कान असलेली टोपी आली, दुपटी आली, आंघोळीचा टब आला. यांचं नावं ठेवणंही जोरात सुरू झालं. छोट्या गादीखाली त्यांनी लिहिलं, ‘फोम कच्चा. गादी मी करतो.’ तिने लिहिलं, ‘आधी तुमची बघते, मग ही काढते.’ रजा सुरू झाली की सगळं एकदम मागवायचं, असं ठरलं होतं. खिळेकाकांनी चांगला कापूस आणला, स्वतः पिंजला आणि मऊ पिवळ्या कापडाची एक गादी शिवली. शिवण कुठे टोचू नये म्हणून कडेची उलटी घेतली. जुन्या चादरीत गुंडाळून ती फळीवर ठेवून दिली.

आठवा महिना लागला आणि एका दुपारी जावयाचा फोन आला. बाळाची हालचाल थांबली होती. खिळेकाका दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला. बोलायला काही सुचलं नाही, आणि या वेळी तोंडात खिळेही नव्हते. नर्सने तिचा चष्मा आणि फोन त्यांच्याकडे दिला. ते त्यांनी खिशात ठेवले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने खिशातला फोन थरथरला. पडद्यावर टोपीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘तुमचं कार्ट तुमची वाट बघतंय.’ चित्र गेलं आणि परत एक आलं. ‘घाई करा, थोडेच शिल्लक.’ या वेळी मोजे होते.

लेक बरी होऊन फोन मागणार, आणि हातात घेतल्या घेतल्या तिला हे दिसणार. ते दिसू नये, एवढंच आता बापाला करता येण्यासारखं होतं. त्यांनी आपल्या फोनवर लिंक उघडली. सगळं जागच्या जागी होतं, त्यांनी ठेवलेल्या नावांसकट. टोपीवर अंगठा दाबला. काही झालं नाही. पुन्हा दाबला. मग त्यांना आठवलं, ही व्यवस्था त्यांनीच मागून घेतली होती.

त्यांनी जावयाला गाठलं. “तिचा पासवर्ड माहीत आहे तुम्हाला?”

“नाही हो, बाबा. फोनचंही कुलूप तिच्याच बोटाने उघडतं.” जावयाचे डोळे सुजले होते. “कशाला हवंय?”

खिळेकाकांनी नुसतीच मान हलवली. त्या पोराला ते चित्र दाखवण्याची त्यांच्यात हिंमत नव्हती.

शेवटी त्यांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. एक मुलगी फार गोड बोलली. “खातं ज्यांचं आहे त्यांनाच वस्तू काढता येतात, सर. तुमच्याच सुरक्षेसाठी आहे ते. काही तक्रार होती का?”

तक्रार काय सांगणार? “नाही. बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले आणि लेकीचा फोन बंद करून ठेवला.

दवाखान्यातून लेक त्यांच्याकडे आली, दुकानामागच्या त्याच खोलीत, जिथे ते तिची वेणी घालायचे. जावई तिला सोडून कामावर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फोन मागितला. बॅटरी संपलीय, असं सांगायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. पण या लेकीशी खोटं बोलायची सवय नव्हती.

“देतो,” ते म्हणाले. “पण त्यात ते सगळं अजून आहे. मी काढायला गेलो. मला काढता आलं नाही, बाळा.”

तिने फोन हातात घेतला. मग म्हणाली, “माहितीये मला. तिथे पडल्या पडल्या तेच डोक्यात येत होतं.” तिने फोन चालू केला, बोट टेकवून उघडला आणि त्यांच्यापुढे धरला. “तुम्ही काढा, बाबा. माझ्याने नाही व्हायचं.”

छत्र्यांच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच तिची कुठली वस्तू हात लावायला त्यांना मिळत होती. ते खाटेच्या कडेला बसले. टोपीशेजारी ‘काढा’ होतं, ते दाबलं. फोनने विचारलं, ‘नक्की काढायचं?’ सुई आणि डिंकाने त्यांच्या अंगठ्याची कातडी इतकी जाड झाली होती, की काचेला स्पर्श कळेना. दोनदा, तीनदा दाबावं लागलं. मोजे. ‘नक्की काढायचं?’ दुपटी. ‘नक्की काढायचं?’ एकेका वस्तूबरोबर तिच्याखालचं दोघांचं बोलणंही पुसलं जात होतं. मोज्यांबरोबर ते ‘ओळखा’ही गेलं.

“झालं?” लेकीने भिंतीकडे बघतच विचारलं.

“झालं.”

“लिंक पण बंद करून टाका.”

“ती राहू दे,” खिळेकाका म्हणाले. “मी काही करत नाही तिचं. नुसतं बघेन.”

त्यावर ती रडली. दवाखान्यात डोळ्यांतून टिपूस न काढलेली लेक बापाच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, आणि हेही रडले.

ती झोपल्यावर ते दुकानात आले. फळीवरची चादर सोडून पिवळी गादी मांडीवर घेतली आणि कडेची शिवण उसवायला बसले. टाके बारीक होते, घट्ट होते. त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. एकेक टाका कापताना त्यांचा हात अडत होता. नक्की का, असं विचारायला इथे कुणी नव्हतं. कापूस त्यांनी पोत्यात परत भरला. कापड मात्र घडी करून ठेवलं, त्याचं काही करवेना.

लेक थोडी सावरल्यावर आपल्या घरी गेली. पुन्हा ‘हं’ आणि ‘बरं’ सुरू झालं, तेही कमीच. खिळेकाका रोज सकाळी दुकान उघडायचे आणि लिंक उघडायचे. तिथे एकच ओळ असायची, ‘हे कार्ट रिकामं आहे.’ ती वाचायचे आणि कामाला लागायचे. किती सकाळी अशा गेल्या, ते त्यांनी मोजलं नाही. आपली लेक आता कशाचीच इच्छा करत नाही, हे रोज वाचावं लागणं फार वाईट.

आणि मग एका सकाळी तिथे एक गाळणी होती. साधी, चहाची.

ते बघत राहिले. डोळे पुसून पुन्हा बघितलं. मग त्यांनी जाड अंगठ्याने, एकेक अक्षर शोधत खाली लिहिलं, ‘दांडा कच्चा आहे. दुसरी बघ.’

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. ‘बरं बाबा. बघते.’

त्यांनी डबीतून खिळे घेतले. पण त्या दिवशी ते तोंडात धरता येईनात, ओठ थरथरत होते. मग त्यांनी ते शेजारच्या स्टुलावर ठेवले, खुर्चीचं कापड ताणलं आणि हातोडीनेच एकेक उचलून ठोकायला सुरुवात केली.