झाकणाखालचे थेंब

प्रयोगशाळेत तिला तोंडावर ताई म्हणत, पाठीमागे खात्रीबाई. मेलेला विषाणू खरंच मेलाय, यावर तिचा विश्वासच बसत नसे.

वासरांना हगवण लावणारा कोरोना विषाणू ती वीस वर्षं मारत आली होती. काही नळ्या छप्पन्न अंशांच्या पाण्यात अर्धा तास, काहींत फॉर्मलिन. बारा वर्षांपूर्वी 'विषाणू मेला' अशी तिने सही केलेल्या नळ्या बाहेर गेल्या आणि मागच्या गोठ्यातली नऊ वासरं दगावली. गोठेवाला बूट न धुता आत येतो, असं तिनेच वर सांगितलं. त्याची नोकरी गेली. तेव्हापासून तिची नजर माणसांवर.

या वेळी नळ्या तिच्या भाचीच्या टेबलावर जायच्या होत्या. भाची तिथून थेट वासरांना दूध पाजायला जाई.

"करा ना सही," नवे साहेब म्हणाले. "नळ्यांकडे अशा बघताय, जशा काही तुमच्या सुनाच!"

"पाण्यात तुम्ही ठेवल्यात. म्हणून बघतेय."

साहेबांना कायम घाई. तिने सही केली नाही. बंद काचेच्या कपाटात हात घालून एकेक झाकण उघडलं. आतल्या बाजूला बारीक थेंब होते. ते तिने जिवंत पेशींवर सोडले. फॉर्मलिनच्या नळ्यांतलेही, औषध काढून टाकून.

चौथ्या दिवशी फॉर्मलिनवाल्या पेशी ठणठणीत. गरम पाण्यावाल्या मरून पडलेल्या, म्हणजे तिथला विषाणू जिवंत.

"चोरला ना वेळ तुझ्या साहेबांनी!" ती भाचीला म्हणाली.

"नाही गं मावशी. मी घड्याळ लावून उभी होते. पुरता अर्धा तास."

तिला ते पटेना. तिने रिकाम्या नळ्या साध्या पाण्याने भरल्या, नेहमीच्या स्टँडमध्ये लावल्या, गरम पाण्यात ठेवल्या. अर्ध्या तासाने झाकणांना बोट लावलं. गार. पाणी नळीच्या निम्म्यावरच पोचत होतं. फॉर्मलिनच्या नळ्या उलट्यासुलट्या हलवतात, म्हणून औषध झाकणापर्यंत जात होतं. ऊन पाणी मात्र कधीच गेलं नव्हतं.

स्टँडच्या पायाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तिनेच लावलेला. दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून, पहिल्या वर्षी.

तिने बारा वर्षांपूर्वीची नोंदवही काढून पाहिली: त्या नळ्याही ऊन पाण्यातल्याच.

"मावशी, साहेबांना काय सांगू?"

"सांग, स्टँड उंच आहे. आणि माझं आहे." मग ती म्हणाली, "त्या गोठेवाल्याचा पत्ता कुणाकडे असेल गं?"