पिकअपचे बलून

"बेतानं घ्या, मिस्त्री, बेतानं." गॅरेजात माझा पाना त्यांच्या पिकअपच्या नटाला अजून लागलेलाही नसायचा, तोवर त्यांचं हे सुरू व्हायचं. बोलताना उजवा तळहात हवेत खाली दाबायचे, समोर एखादं बुजलेलं वासरू उभं असल्यासारखा.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला तुम्ही कधी गेला असाल, तर तिथले पिकअपवाले पाहिलेच असतील. मागं गाभण म्हैस असली तरी गतिरोधकावरून गाडी उडवत नेणारे. हे माझे गिऱ्हाईक, जनावरंच वाहायचे, पण त्यांच्यातले नव्हते. त्यांच्या पिकअपची बॉडी मीच बांधून दिली होती. तळाला रबराची चटई, कडेनं गादीचं अस्तर, जनावराला चढायला बुटकी फळी. मी एकदा चेष्टेनं म्हणालो, तुमच्या गाडीतून म्हशी उतरायला तयार होत नसतील. ते गंभीरपणे म्हणाले, "व्हय, एक न्हवती उतरत."

त्यांच्या बायकोच्या मणक्यात कॅन्सर उतरला. पोटी मूल नव्हतं. सेवेला तिची थोरली बहीण येऊन राहिली. पुढं डॉक्टरांनीच सांगितलं, आता घरी न्या. घरी आल्यावर तिनं एकच मागणं केलं, मला एकदा माहेरी न्या. माहेर संगमनेरच्या पुढं, अकोले गावाच्या वर, डोंगरात. पण नगरच्या दवाखान्यातून आणताना अँब्युलन्समध्ये प्रत्येक खड्ड्याला ती कण्हत होती आणि हे पुढं बसून ऐकत होते. मला हे सांगताना ते जमिनीकडं बघत होते.

मग त्यांनी विचारलं, मागचे स्प्रिंगचे पाटे काढून बलून बसवता येतील का? मोठ्या बसला खाली असतात तसे, हवा भरलेले रबराचे. पिकअपला ते मी कधी बसवले नव्हते. तरी हो म्हणालो.

तीन दिवस लागले. एक्सल जागेवर राहावा म्हणून मुख्य पाटा ठेवला, बाकीचे उतरवले. चासीला दोन्ही बाजूंनी ब्रॅकेट वेल्डिंग केले, त्यात बलून बसवले, नवे शॉकअप टाकले. साबणाचं पाणी मारून हवा कुठं गळते का ते पाहिलं. खरं काम त्यापुढं होतं. दीड टन ओझ्यासाठी केलेली गाडी, आणि न्यायची होती एक गादी आणि दोन बायका. हवा जास्त झाली की गाडी उसळायची, कमी झाली की खाली आदळायची. मी मागं गादीवर पडायचो, ते ओढ्याच्या पुलापर्यंत गाडी नेऊन आणायचे, मग थोडी हवा सोडायची, पुन्हा फेरी. अकराव्या फेरीला मला डुलकी लागली. ते मागं येऊन बघत उभे राहिले आणि हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहत होतो.

ते सकाळी निघाले. दुपारी संगमनेरहून फोन आला. "एकदाबी कण्हली न्हाई, मिस्त्री. झोपली हाय. दोगी बी झोपल्यात." मी शेजारच्या टपरीवरून गॅरेजातल्या सगळ्यांना चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेव्हण्याचा फोन आला. माहेरच्या अंगणात गाडी थांबली, भाऊ तिला उचलायला गेले, तेव्हा तिचे हात गार पडले होते. कित्येक रात्री जागून काढलेली बहीण तिच्या शेजारीच गाढ झोपली होती. ती गेली हे कुणालाच कळलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच आहे. मी एखादा पाटा जास्त ठेवला असता, तर गाडीनं हिसका दिला असता. ती कण्हली असती, त्यांनी गाडी थांबवली असती. तिच्या तोंडात दोन घोट पाणी तरी पडलं असतं.

पंधरा दिवसांनी ते आले. पिकअप मेव्हण्यांना देऊन एसटीनं परतले होते. मला वाटलं, आता बोल लावतील. ते म्हणाले, "तुमचं काम चोख हुतं." मग म्हणाले, "मागनं आवाज आला न्हाई, मला वाटलं जमलं आपलं. संगमनेरपातुर मी गानं म्हनत हुतो, मिस्त्री. ती संगमनेरच्या आदी गेली का मागनं, कोन सांगनार?"



पुढं नगरच्या स्टँडवर ते मला शेवटचे भेटले. अकोल्याच्या एसटीत चढत होते. सासरवाडीला निघालात का, मी विचारलं. नाही म्हणाले. अकोल्याला उतरायचं आणि आलेल्या गाडीनं परत यायचं. ही चौथी खेप होती.

मग हळूच म्हणाले, "रस्त्यात कुटं गेली आसंल, त्ये बघतो."

आता त्यांच्या घराला कुलूप असतं. ते कुठं आहेत, शेजाऱ्यांनाही नीट सांगता येत नाही. त्या दिवशी एसटीत ते खिडकीशी बसले होते. गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. त्यांनी पाहिलं नाही. त्यांची नजर आधीच रस्त्यावर होती.