शेवटचा हूक

मूल बाहेर आलं की पोट जातं, अशी माझी समजूत होती. शाळेत शास्त्र शिकवणारी बाई मी, पण स्वतःच्या पोटाचं शास्त्र मला कोणी शिकवलं नव्हतं. मुलगी झाल्यावर दुसऱ्या दिवशी न्हाणीत उभी राहिले आणि खाली बघितलं, तर पोट तिथंच. नुसतं सैल पडलेलं, मळून ठेवलेल्या कणकेसारखं. मी पटकन गाऊन खाली ओढला, जणू कोणी बघत होतं.

बाळंतपण माहेरी, डिचोलीजवळच्या सर्वणला झालं. आमच्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घालायला बाई लावतात. आईने जवळच्या आमोणे गावची एक बाई ठरवली होती. मूळची सावंतवाडीकडची, नवरा खाणीवर ट्रक चालवायचा म्हणून इकडे आलेली, साठीच्या आसपासची. रोज सकाळी यायची, तांब्याच्या मोठ्या भाणात पाणी तापवायची, खोबरेल चोळून मला न्हाऊ घालायची आणि मग जुन्या लुगड्याची लांब पट्टी पोटाभोवती गुंडाळायची. तिच्या पट्टीत दोन बोटं सहज जायची. ती जातात का ते ती रोज बघायची.

"घट्ट बांधा ना जरा," मी म्हणायची.

"सैल सोड गो बाय. पोट म्हणजे काय फुगो काय, टाचणी लावली नि बसलो? आपसूक येतला जाग्यार."

मला आपसूक नको होतं. मला गणपतीच्या चवथीपर्यंत हवं होतं.

त्याचं कारण ओवसा. माझं सासर मोरजीला. तिथे नव्या सुनेचा पहिला ओवसा गौर पूर्वा नक्षत्रात येईल त्याच वर्षी होतो. तिने सुपं भरून गौरीपुढे ओवाळायची, लग्नाचा शालू नेसून, आणि सगळं घर, शेजारपाजार बघायला जमणार. लग्नानंतर दोन वर्षं मी वाट बघत होते. गौर पूर्वात आली ती नेमकी मुलगी तीन महिन्यांची होणार होती तेव्हा. शालूचा ब्लाउज मी एकदा घालून पाहिला, तर हूक आणि काजं यांच्यात चार बोटांचं अंतर, आणि खाली पोट वेगळंच. त्याआधी बारशाला सासरच्या एका काकीने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आत आणखी एक राहिलंय काय गो?" सगळे हसले. मीही हसले. आत जाऊन मात्र मी रडले, आणि मोबाइल काढून पोटाचा पट्टा मागवला.

पट्टा आला. रुंद, इलॅस्टिकचा, हुकांच्या तीन ओळी. कोणाला दाखवला नाही. सकाळी बाई यायच्या आधी काढायचा, तिने पट्टी बांधून ती गेली की वरून चढवायचा. पहिल्या आठवड्यात पहिली ओळ, मग दुसरी. तिसरीला पोचले तेव्हा मला श्वास वरच्यावर घ्यावा लागायचा, पण आरशात कंबर दिसत होती. आई कौतुकाने म्हणायची, बाईच्या हाताला गुण आहे. मी गप्प. शिंकताना कपडा ओला व्हायचा, त्याबद्दलही गप्प. ते असं कोणाला सांगायचं असतं का, असं मला वाटे. आता लिहितानाही कान तापतात.

ओवशाच्या दिवशी मोरजीला मी शेवटच्या हुकावर पट्टा लावला, आईने बाजूने सैल करून दिलेला ब्लाउज चढवला आणि शालू नेसले. सकाळपासून उपास. पाच सुपं, भाज्यांच्या पानांनी आणि फळांनी गच्च भरलेली, एकेक उचलायची, वाकायचं, पुन्हा उचलायची. बारशातली तीच काकी म्हणाली, "अगो, बाळंतीण कोण म्हणेल हिला." त्या शब्दासाठी मी तीन महिने मर मर मेले होते, आणि तो ऐकताना मला खरंच बरं वाटलं. चौथं सूप उचलताना आत काहीतरी सरकून खाली आल्यासारखं वाटलं. मी पाचवंही उचललं.

दोन दिवसांनी मी सर्वणला परतले आणि आई मला डिचोलीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तपासलं, पोट आवळल्याच्या खुणा बघितल्या आणि सांगितलं, अंग, म्हणजे गर्भाशय, थोडं खाली उतरलंय. बाळंतपणानंतर खालचे स्नायू सैल असतात, वरून असं आवळून टाकलं की सगळा भार त्यांच्यावर जातो. वजन उचलायचं नाही, पट्टी बंद, रोज स्नायू आवळायचे व्यायाम, बहुतेक सुधारेल. मग त्यांनी विचारलं, "इतकं घट्ट कोण बांधत होतं?"

आई म्हणाली, "ती आमोण्याची बाई. तीच बांधते रोज."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. होकाराची. बस, तेवढंच केलं मी. एक शब्द बोलले नाही, आणि म्हणून बरेच दिवस स्वतःला समजावत राहिले की मी खोटं कुठं बोलले. पट्टा तेव्हा बॅगेच्या तळाला, मुलीच्या लंगोटांखाली होता.

दुसऱ्या दिवशी बाई आली. आईने तिला पायरीवरच थांबवलं. मी आत खोलीत मुलीला पाजत होते. जनेल उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. आई बोलायला लागली की थांबत नाही. माझ्या पोरीचं वाटोळं केलंस, म्हणाली. मला वाटलं, आता बाई म्हणेल, दोन बोटं जातील एवढीच बांधायची मी, विचारा तुमच्या पोरीला. मी वाट बघत बसले. ती एवढंच म्हणाली, "तिका बरा आसा मा आता?" आणि चप्पल घालून गेली. मी जागची उठले नाही. मुलगी दूध पीत होती हे कारण मला पुरलं.

सहा-सात महिन्यांत मी बरी झाले. पोट पुष्कळसं जागेवर आलं, आपसूकच, पट्टा टाकल्यावर. थोडं राहिलं ते राहिलं.

मुलगी तीन वर्षांची झाली. माझ्या शाळेत नवीन लागलेली एक शिक्षिका, डिचोलीकडची, बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आधी स्टाफरूममध्ये सांगत होती की तिला न्हाऊ घालायला बाई मिळत नाही. "आमोण्याला एक होती म्हणे चांगली, पण तिला कोणी बोलवत नाही. सर्वणला एका पोरीचं अंग बाहेर काढलं तिने बांधून बांधून." मी पेपर तपासत होते. म्हणाले, "असं का." आणि पुढचा पेपर घेतला. त्या पेपरावर मी काय मार्क दिले ते मला आठवत नाही.

रविवारी मी आमोण्याला गेले. बाई अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मला बघून तिने हात पदराला पुसले आणि आधी मुलगी कशी आहे ते विचारलं. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, पट्टा, हूक, डॉक्टरीणबाई, सगळं. ती आमसुलं पसरत राहिली.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "तेल लावताना हुकांचे वळ रोज दिसत होते. म्हणानच तर तुका सैल सोड, सैल सोड सांगत होतंय."

"मग आईला का नाही सांगितलं?"

"तू सांगशीत, असा वाटला." तिने माझ्याकडे बघितलं. "माका कित्याक सांगतस आता? आवशीक सांगलंस?"

आईला नव्हतं सांगितलं.

त्याच दुपारी सर्वणला जाऊन सांगितलं. आई भाताची पेज निवत ठेवत होती. ऐकून घेतलं आणि पेजेवर झाकण ठेवलं. मला शिव्या चालल्या असत्या. मग म्हणाली, "मी किती घरांत बोलले माहीत आहे तुला? देवळात बोलले. हळदीकुंकवाला बोलले." तिने साडी बदलली. "चल. मी नाही बोलणार. तू बोलायचं, मी बाजूला उभी राहीन."

पहिलं घर शेजारचंच. त्यांची सून सातव्या महिन्यात होती, दारातच उभी. तिच्या सासूने आम्हाला बसा म्हटलं, आम्ही बसलो नाही. मी बोलायला सुरुवात केली. त्या बाईचा काही दोष नव्हता, पट्टा मी बांधत होते, बारीक दिसायला, आणि डॉक्टरीणबाईंसमोर मान हलवली. सून ऐकता ऐकता माझ्या पोटाकडे बघत होती. बोलणं अर्ध्यावर आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की दारात पाऊल टाकल्यापासून मी पोट आत ओढून उभी आहे.