डोक्याला घासलेटाचा वास

मालकानं माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि मुकादमाला म्हणाला, "हुंग."

मुकादमानं हुंगलं. "घासलेट."

"समद्यांनी हुंगा. लई भारी अत्तर लावून आलीय."

बाया हसल्या. भिऊन हसल्या.

ही जुन्नरजवळच्या डिंगोरे गावातली गोष्ट. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. मी चौथीत होते. सुट्टीत आईबरोबर मालकाच्या मळ्यात खुरपायला जायचे. विहिरीवरचं इंजिन घासलेटवर चालायचं. त्या सकाळी घासलेटचं पिंप रिकामं सापडलं. इंजिन बंद. कांदा सुकायला लागलेला. मालकाला चोर पाहिजे होता, आणि माझ्या डोक्याला वास येत होता.

आईनं हात जोडले. "मालक, पोरीच्या डोक्यात उवा झाल्यात. घरातल्या चिमणीतलंच घासलेट चोळलं. आमी अंधारात जेवलो."

"हे फौजदाराला सांग. घासलेट चोरलं की जेल हाय. खडी फोडशील." मग त्यानं आवाज खाली आणला. "न्हाईतर इथंच कबूल हो. मळ्यात फुकट राब. फौजदार येनार न्हाई."

आईची मान खाली जायला लागली. ती होय म्हणणार, हे मला दिसलं. मग ती जन्मभर तिथंच. तिच्या मागं मी.

मी म्हणाले, "मालक, ताईचंबी डोकं हुंगा की."

ताई म्हणजे त्याची मुलगी. माझ्याच वर्गात. उवा तिलाही झाल्या होत्या, घासलेट तिलाही चोळलं होतं. ती मळ्यातल्या घराच्या दारात उभी होती. मालकानं तिच्याकडे पाहिलं. ती आत पळाली.

आता कुणीच हसलं नाही.

मालकानं वेणी सोडली. "आता फौजदाराला बोलावतोच," म्हणाला.

दुपारी पोलीस आले. आईला जुन्नरला नेलं. बाया मान वर न करता खुरपत राहिल्या. पुढं खटला झाला, शिक्षाही झाली. साक्ष मुकादमाची. पुरावा माझ्या केसांचा वास. ताईला कुणी काही विचारलं नाही. पिंप खरं कुणी रिकामं केलं, तेही कुणी शोधलं नाही.

आई सुटून आली ती निम्मी होऊन. मळ्याकडे आम्ही पुन्हा फिरकलो नाही.

गावातली माणसं म्हणायची, तू गप्प बसली असतीस तर आई जेलात गेली नसती. खरं आहे. ती मळ्यात गेली असती, आणि तिथून सुटायची तारीख नव्हती.

आजही कुणी एखाद्या बाईला जेलचं भय घालून कबूल व्हायला सांगतं, तेव्हा मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहते. तिला सांगते, जे केलं नाही, ते केलं म्हणायचं नाही. बोलावू दे फौजदार.