कुंकवाची पाच बोटं

आगाशीच्या स्वप्ना वर्तकला "का?" विचारल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. लग्न होऊन आल्या आल्या तिने सासूबाईंना विचारलं होतं, उन्हात वाळवायची सुकेळी राजेळी केळ्यांचीच का करतात? यमुनाबाई म्हणाल्या, "दुसऱ्या केळ्यांची होत नाहीत म्हणून. चहा टाक आता."

वाडीतल्या घराच्या पडवीत तिचं टायपिंगचं काम चाले. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, काय वाट्टेल ते. यमुनाबाईंच्या तोंडची लग्नातली गाणीही तिने हौसेने टाइप केली होती. आता यमुनाबाईंना त्यातली निम्मीअधिक आठवत नव्हती. नात उन्नतीच्या लग्नात त्याच गाण्यांची पुस्तिका वाटायची ठरली, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर बंद पडला!

दुरुस्तीवाला प्लासिड आला, डबा उघडून म्हणाला, "पंखा अडकला आणि प्रोसेसर जळला, स्वप्नाताई."

"मग नवा घाल ना!"

"नवा या बोर्डाच्या खाचेत बसतच नाही. जुनाच लागेल. तो शोधतो, पण नव्याच्या दुप्पट पडेल."

"दुप्पट? जुन्याला? लूट आहे का रे?"

सगळाच कॉम्प्युटर नवा घ्यावा म्हणून ती पेनड्राइव्हवर ठेवलेली गाण्यांची फाइल घेऊन त्याच्या दुकानात गेली. तिचं मराठीचं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालेना. पडद्यावर गाण्यांच्या जागी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. स्वप्नाने जुनाच प्रोसेसर शोधायला सांगितलं.

तरी जाता जाता विचारलंच, "पण जुना महाग का?"

"नवे कारखान्यातून ढिगाने येतात. जुने बनवणं बंद झालं. उरलेत ते भंगारातून निघतात तेवढेच. आणि तुमच्यासारखी माणसं अडलेली, त्यांना दुसरा चालत नाही."

"म्हणजे आमच्या राजेळीसारखंच की! वाड्या गेल्या, लावणारे उरले नाहीत, पण सुकेळी करायची तर तीच लागते. मग हा स्वस्त कधी होणार?"

"शेवटचं जुनं मशीन बंद पडेल तेव्हा फुकट वाटतील," प्लासिड हसला.

चार दिवसांनी तो प्रोसेसर घेऊन आला. "नालासोपाऱ्याच्या भंगारात मिळाला. वरचा पंखा माझ्याकडून फुकट."

स्वप्नाने पंखा हातात घेतला आणि बघतच राहिली. मधल्या गोल कागदावर कुंकवाची पाच बोटं, वाळून काळपट झालेली. दसऱ्याच्या यंत्रपूजेत पाच बोटं ओढण्याची ही तऱ्हा एकाच बाईची, यमुनाबाईंची.

स्वप्नाकडे पूर्वी अगदी असाच दुसरा कॉम्प्युटर होता. त्याचा बोर्ड गेला, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत तिने तो भंगारवाल्याला देऊन बदल्यात प्लास्टिकची बादली घेतली होती. आतला प्रोसेसर धडधाकट असेल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. कप्पाळ! बादली अजून मोरीत होती, तीही तडकलेली. एरवी शंभर प्रश्न विचारणारी बाई तेव्हा एक प्रश्न विचारायला विसरली. तिला स्वतःचा मनस्वी राग आला आणि पाठोपाठ हसूही फुटलं.

प्लासिडने प्रोसेसर बसवला. मशीन घरघरलं, गाणी जशीच्या तशी पडद्यावर आली. स्वप्नाने भीतीपोटी आधी सगळी छापून घेतली, मगच ती पाणी प्यायली.

मग कागद सासूबाईंच्या हातात देत म्हणाली, "आई, पूजेला कुंकू त्या पंख्यावरच का लावलंत?"

"तूच उघडून दाखवलं होतंस ना? आत तेवढंच एक फिरत होतं. म्हटलं, जीव इथेच असणार."

आणि चष्मा सारखा करून यमुनाबाई विसरलेलं गाणं पहिल्या ओळीपासून म्हणू लागल्या.